चष्म्याला विचारून

पहिलीच्या बाईंकडे दोन चष्मे होते. लांबचा नाकावर असे आणि जवळचा टेबलावर, काड्या पसरून, काचा मुलांकडे करून. बाईंना मिनिटभर जरी वर्गाबाहेर जायचं झालं, तरी त्या दारात थांबून सांगत, "मी चालले, पण माझा चष्मा इथेच आहे बरं का. तो सगळं बघतो आणि मी आले की मला सांगतो."

पस्तीस मुलं चष्म्याकडे बघत. चष्मा पस्तीस मुलांकडे बघे. परत आल्यावर बाई तो कानाशी धरत, मान डोलावत आणि म्हणत, "असं? तिसऱ्या बाकावर? पेन्सिल खाल्ली म्हणता?" तिसऱ्या बाकावर कुणीतरी हमखास तोंड पुसत असे. पहिलीच्या वर्गात कुठल्याही घटकेला कुणी ना कुणी पेन्सिल खातच असतं, हे बाईंना एकतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. पण मुलांना वाटे, काय हा चष्मा!

"मलाही एक तसला आणून दे," बाईंचे यजमान म्हणत. "तू घरात नसलीस की धाक राहील."

"तुम्हाला चष्मा पुरायचा नाही. तुमच्यासाठी दुर्बीण बसवावी लागेल."

वर्गात दुसऱ्या होत्या त्या मावशी. कागदोपत्री 'मदतनीस', तेही दर वर्षी नवा करार करून. पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नसतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्या झाडलोट करायला म्हणून शाळेत आल्या. पहिल्याच दिवशी केर काढत असताना एक मुलगा बुटाची नाडी सुटलेला पाय पुढं करून त्यांच्यासमोर उभा राहिला. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, नाडी बांधली, आणि तो झाडू पुढं दुसऱ्याच कुणीतरी उचलला. तेव्हापासून त्या पहिलीच्याच. बाईंपेक्षा पाच वर्षांनी लहान, पण मुलं मावशी म्हणत म्हणून बाईही मावशीच म्हणत.

मावशींच्या एप्रनला दोन खिसे होते, कांगारूनं मान खाली घालावी असे. उजव्यात रुमाल, सेफ्टी पिना, खोडरबरांचे तुकडे. डाव्यात दात. पहिलीचं वर्ष म्हणजे दात पडायचं वर्ष. कुणाचा दात पडला की मावशी तो धुऊन कागदाच्या पुडीत बांधत आणि पुडीवर खूण काढत, कारण अक्षरांशी त्यांचं जेमतेमच जमत असे. कुणासाठी पतंग, कुणासाठी मांजर. शाळा सुटली की पुडी आईच्या हातात. "घ्या, चिरंजीवांचा ऐवज. मोजून घ्या."

सकाळी हजेरीच्या वेळी दोघींचं बोलणं ठरलेलं असे.

"मावशी, आज किती?"

"चौतीस, बाई. टोळ आला नाही. त्याच्या आजोबांना सर्दी झालीय."

"आजोबांना सर्दी, मग हा का नाही आला?"

"आजोबांच्या शिंका मोजायला बसलाय. काल सांगून गेला मला, की शंभरापर्यंत येतात का बघतो."

मावशींना मुलांची नावं आठवत नसत असं नाही, पण त्यांनी ठेवलेली नावं जास्त खरी वाटत. टोळ, जिलेटीन, साहेब. आणि त्या वर्षी एक मुंगी होती. चालली तर पावलाचा आवाज नाही, रडली तर रडण्याचा नाही. सहा वर्षांची असून चारची दिसे. वही भरून चित्रं काढी आणि चित्रावर हात ठेवून बसे, कुणी पाहू नये म्हणून.

त्या वर्गात बाहेर जायची एक पद्धत होती. बाईंच्या यजमानांनी फळीच्या तुकड्याला लाल रंग देऊन, वर पांढरा नळ काढून, दोरी ओवून एक पाटी करून दिली होती. ती दाराशेजारच्या खिळ्याला लटके. ज्याला जायचं त्यानं पाटी गळ्यात घालायची, आल्यावर परत अडकवायची. एका वेळी एकच. मावशी नवीन आल्या तेव्हाच बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "एवढं एक ध्यानात ठेवा. पाटी खिळ्याला असली की सगळं घर घरात." मावशींनी ते असं ध्यानात ठेवलं की बोलता बोलता, नाक पुसता पुसता, त्यांची नजर दर थोड्या वेळानं खिळ्याकडे जाऊन येई. एकोणीस वर्षांत ती पाटी एकदाही खोटं बोलली नव्हती.

मुंगीनं पहिल्याच आठवड्यात पाटी गळ्यात घातली, ती तिच्या गुडघ्यापर्यंत आली. मागून कुणीतरी ओरडलं, "पाटीच चालली! पाटीच चालली!" सगळा वर्ग हसला. मुंगीनं पाटी परत अडकवली आणि जागेवर जाऊन बसली. पुढचे दोन दिवस ती नुसती पाय आवळून बसून राहिली. हे बाईंच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी मुंगीनं मान वर करून बाईंकडे पाहिलं, तेव्हा बाईंनी दोन्ही डोळे एकदा मिटले आणि उघडले. मुंगी उठली, भिंतीच्या कडेनं गेली आणि तशीच परत आली. बाईंनी मधल्या काळात भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा पाहून घेतलं. झालं. त्या दिवसापासून हे त्या दोघींचं ठरून गेलं, एक शब्द न बोलता.

मावशींना सांगायचं बाईंच्या मनात एकदोनदा आलं होतं. पण सांगायला गेलं तर काय सांगणार? डोळे मिटले, एवढंच ना? आणि खरं म्हणजे बाईंना ते गुपित आवडलं होतं. एकतीस वर्षं पस्तीस-पस्तीस मुलांची सामुदायिक आई झाल्यावर एका मुलीशी एक गोष्ट दोघींपुरती असावी, एवढा लोभ त्यांना झाला.

त्या दिवशी बाराच्या सुमारास शिपाई दारात आला. "बाई, मोठे सर बोलावतायत. दोनच मिनिटं."

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांची दोन मिनिटं शाळेत प्रसिद्ध होती. चौथीच्या बाईंनी तेवढ्यात एका स्वेटरची बाही विणून घेतली होती असं सांगत. शिक्षकांच्या खोलीत एक सूचनाही लावलेली होती, की शिक्षकांनी वर्ग केवळ मदतनिसावर सोपवून हाकेच्या अंतरापलीकडे जाऊ नये, मदतनीस हा शिक्षकाचा पर्याय नव्हे, जबाबदारी शिक्षकाचीच राहील. त्या कागदाखाली सगळ्यांच्या सह्या होत्या. सगळ्यांत वरची मोठ्या सरांची होती आणि तिसरी बाईंची. सरांची खोली खालच्या मजल्यावर, दुसऱ्या टोकाला.

बाईंनी चष्मा टेबलावर नीट मांडला. "मी चालले, पण माझा चष्मा इथेच आहे बरं का." मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "बघा हं जरा."

"जा तुम्ही," मावशी म्हणाल्या.

खाली सरांना तातडीनं माहिती पाठवायची होती: प्रत्येक वर्गाला खिडक्या किती, त्यातल्या उघडतात किती, उघडलेल्या मिटतात किती. बाई स्वच्छ अक्षरासाठी नावाजलेल्या. त्या खिडक्या लिहीत बसल्या.

वर साहेबाच्या नाकातून रक्त आलं. मावशींनी त्याला खुर्चीवर बसवलं, नाक चिमटीत धरलं, दुसऱ्या हातानं रुमाल काढला आणि उरलेल्या वर्गाला गोष्ट सांगायला सुरुवात केली, म्हणजे कुणी रक्ताकडे बघू नये. गोष्टीच्या मधे त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. पाटी खिळ्याला होती.

संडास सहा पायऱ्या उतरून खाली होते. पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या.

सुट्टीची घंटा द्यायला निघालेल्या शिपायाला मुंगी शेवटच्या पायरीवर बसलेली दिसली. डाव्या हातात तिनं उजवा हात धरला होता, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. रडत नव्हती. "बाई आल्या का?" एवढंच तिनं विचारलं.

कोपराचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यातून परतल्यावर मोठ्या सरांनी बाईंपुढं कोरा कागद सरकवला. "चार ओळी लिहून द्या, बाई. नेहमीसारखं. वर कळवावं लागेल."

बाईंच्या हाताला सवय होती. एकतीस वर्षांत अशा चार ओळी त्यांनी किती लिहिल्या असतील! सहल निघाली, लस टोचली, खडूंची पेटी हरवली. प्रत्येक कागदात एक वाक्य ठेवलेलंच असे, पत्रावर तिकीट लावावं तसं. बाईंनी लिहिलं: "मुख्याध्यापकांच्या बोलावण्यावरून, मदतनिसास योग्य त्या सूचना देऊन, मी वर्गाबाहेर गेले." खाली सही केली. योग्य त्या सूचना म्हणजे नेमक्या कोणत्या, हे आजवर कुणी कधी विचारलं नव्हतं. बाईंनीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी त्या मुंगीच्या घरी गेल्या. एक खोली, खिडकीशी शिवणयंत्र, यंत्राच्या सुईखाली अर्धवट राहिलेली बाही. मुंगीची आई कपडे शिवायची. तिनं बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"चहा टाकते."

"नको. बसा तुम्ही."

"तुमच्याकडे पाठवलं होतं, बाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मावशी चांगल्या आहेत. सगळे म्हणतात. पण मी काही मावशींकडे पाठवलं नव्हतं."

बाई मुंगीच्या शेजारी जाऊन बसल्या. प्लास्टर तिच्याहून मोठं दिसत होतं.

"तू मावशींना सांगितलं नाहीस, बाळा, जाताना?"

मुंगीनं मान हलवली. "मी चष्म्याला विचारलं."

"चष्म्याला?"

"तुम्ही नव्हता ना. तुमचा चष्मा होता. मी त्याच्याकडे बघितलं."

"मग? काय म्हणाला चष्मा?"

मुंगीनं जरा विचार केला. "काहीच नाही. पण नाही असं म्हणाला नाही."

बाई घरी कशा आल्या ते त्यांना आठवत नव्हतं. यजमानांनी दार उघडलं आणि बाई दारातच म्हणाल्या, "चष्मा मी ठेवला. डोळ्यांची खूण मी केली. पाटी खिळ्याला असली की सगळी आत, हे मावशींना मीच शिकवलं. यात मावशींचं काय आहे हो? एक गोष्ट दाखवा मला."

यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदाच विनोद केला नाही.

मावशींना तोवर शाळेनं घरी बसवलं होतं. मुंगीच्या घरून तक्रार नव्हती, पण हात मोडला होता, वर कळवलं होतं, आणि वर कळवलं की खाली कुणीतरी लागतंच. चौकशी नऊ दिवसांनी ठरली. संस्थेचे वकील आधी बाईंना भेटले. सभ्य माणूस; बोलताना पेनाचं टोपण लावत-काढत असे.

"कायद्यानं वर्ग तुमचा, बाई," ते म्हणाले. "तुम्ही खोलीत असा किंवा नसा. मदतनीस म्हणजे तुमचे जास्तीचे दोन हात. हात चुकले तर आपण हातांना विचारत नाही, माणसाला विचारतो."

"बरोबर आहे."

"थांबा. माणसानं हातांना नीट सांगून ठेवलं होतं आणि हातांनी ऐकलं नाही, तर गोष्ट बदलते. म्हणून तुमचं हे वाक्य फार मोलाचं आहे. योग्य त्या सूचना देऊन. काय सांगितलं होतं तुम्ही त्यांना?"

"'बघा हं जरा.'"

टोपण थांबलं. "आणि ती मुलगी पाटी न घेता जाते, हे?"

"ते नव्हतं सांगितलं. कधीच."

वकिलांनी दाराकडे पाहिलं, मग कागदाकडे. "तुमची किती नोकरी राहिलीय?"

"चौदा महिने."

"मग मी काही ऐकलं नाही आणि तुम्ही काही बोलला नाहीत. सेवापुस्तकात निष्काळजीपणा लिहिला गेला तर शेवटच्या दिवसापर्यंत पुसला जायचा नाही. मदतनिसाचा करार तसाही वर्षाचा असतो. विचार करा. आणि चौकशी होईपर्यंत दोघींनी भेटू नका, ते बरं दिसत नाही."

बाईंनी विचार केला. भल्या माणसालाही स्वतःपुरता विचार करायला तीन-चार दिवस लागतात, तेवढे त्यांना लागले. एकतीस वर्षं. निरोपाच्या दिवशी वाचून दाखवायचं सेवापुस्तक. एकच वाक्य, तेही आधीच लिहून झालेलं. नुसतं गप्प राहायचं. पाचव्या दिवशी त्यांनी यजमानांना सांगितलं, "मी खरं काय ते सांगणार आहे."

"मग आजच मावशींना जाऊन सांग ना. त्या बिचाऱ्या जिवाला घोर लावून बसल्या असतील."

"भेटू नका म्हणालेत."

ते खरं होतं. पण भेटायला मनाई आहे हे बाईंना बरंच वाटलं होतं, हेही खरं होतं. मावशींपुढं उभं राहून तोंडानं सांगण्यापेक्षा समितीपुढं सांगणं सोपं होतं. चार दिवसांचा तर प्रश्न, त्या स्वतःला म्हणाल्या.

चौकशी चित्रकलेच्या वर्गात झाली, कारण मोठं टेबल तिथंच होतं. समितीचे तिघं जण बसले होते त्यांच्या डोक्यामागं मुलांनी काढलेले हत्ती, आगगाड्या आणि सहा बोटांची माणसं. मावशींना आधी बोलावून झालं होतं. बाई आत गेल्या तेव्हा मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, एप्रन न घातलेल्या. एप्रनशिवाय त्या कुणीतरी वेगळ्याच बाई दिसत होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि मावशींनी खाली पाहिलं.

बाईंनी सगळं सांगितलं. पाटी, गुडघ्यापर्यंत आलेली दोरी, मिटलेले डोळे, चष्मा. "'बघा हं जरा' याखेरीज मी मावशींना काहीही सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी सवयीनं लिहिलं. ते खोटं आहे."

समितीचे अध्यक्ष म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक कागद पुढं केला. मावशींचा जबाब, वकिलांनी लिहून घेतलेला: "बाईंनी मला सर्व सूचना दिल्या होत्या. लक्ष देण्यात माझी चूक झाली." खाली मावशींची सही. ती सही बाई ओळखत होत्या. मावशी सही करताना श्वास रोखून धरत आणि शेवटचं अक्षर संपलं की सोडत.

"हे खरं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना मुंगीचं माहीतच नव्हतं!"

"बाई," अध्यक्ष मायेनं म्हणाले, "तुम्ही एक लिहून दिलंत, त्यांनीही तेच सांगितलं. आता तुम्ही त्यांना वाचवायला वेगळं सांगताय. तुमचं मन मोठं आहे. पण आम्हाला कागदावर जावं लागतं."

"मन मोठं नाही हो माझं! मी खोटं लिहिलं म्हणून सांगतेय!"

"बसा, पाणी घ्या."

निकाल त्याच दुपारी लागला. मदतनिसाला कामावरून कमी करावं. शिक्षिकेला पुढं काळजी घेण्याची तोंडी समज द्यावी. आणि शेवटी एक ओळ: सहकाऱ्याविषयी शिक्षिकेनं दाखवलेली आपुलकी अनुकरणीय आहे.

बाईंनी मावशींना फाटकाशी गाठलं. "अहो मावशी, काय सांगून बसलात हे? मी कधी सांगितलं होतं तुम्हाला?"

मावशींचे डोळे सुजलेले होते. "तुम्ही लिहिलंत ना, बाई. वकीलसाहेबांनी वाचून दाखवलं. योग्य त्या सूचना दिल्या म्हणून."

"पण दिल्या नव्हत्या!"

"मी त्यांना म्हटलं, मला आठवत नाही. ते म्हणाले, बाई खोटं लिहितील का? मी म्हटलं, छे, बाई कशाला खोटं लिहितील." मावशींनी एप्रन नसताना एप्रनचं टोक शोधलं आणि मग हातानंच डोळे पुसले. "आठ दिवस आठवतेय, बाई. कधी सांगितलंत, कुठं उभ्या होतात, मी काय करत होते. काही म्हणता काही आठवत नाही. डोकंच गेलं बघा माझं. पोरं सांभाळायची आणि डोकं गेलेलं, कसं चालेल?"

"मावशी, ऐका माझं. मी कधीच सांगितलं नव्हतं. शपथ."

"आता माझ्यासाठी असं नका म्हणू," मावशी म्हणाल्या. त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं, नाकातून रक्त आलेल्या मुलाला थोपटावं तसं, आणि त्या गेल्या.

समितीनं विश्वास ठेवला नाही याचं बाईंना तेवढं वाटलं नाही. मावशींनी ठेवला नाही, याची मात्र त्यांनी हाय खाल्ली. आपल्या एका वाक्यानं एका धडधाकट बाईच्या आठवणीत हात घालून नसलेली गोष्ट तिथं नेऊन ठेवली, आणि आता ती तिथून निघत नव्हती.

बाईंनी वरच्या कार्यालयाला अर्ज केला, स्वतःच्याच विरुद्ध. तिथल्या कारकुनानं तो तीनदा वाचला. "तुम्हाला शिक्षा झाली नाही, अशी तुमची तक्रार आहे?"

"हो."

"असा रकाना नाही आमच्याकडे," तो म्हणाला.

रकाना मिळेपर्यंत सात महिने गेले. मोठे सर बाईंशी बोलेनासे झाले, कारण अर्जात दोन मिनिटांचाही उल्लेख होता. वर्गावर नवीन मदतनीस आल्या. चांगल्या होत्या, मुलांना नावानं हाका मारत. बाई आता वर्ग सोडून जातच नसत. चष्मा टेबलावर राहिला की मूल बाहेर पडतं, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तो त्या डबीत ठेवत आणि डबी पिशवीत. पहिल्या दिवशी टोळानं विचारलंही, "बाई, चष्मा आजारी आहे का?" बाई हो म्हणाल्या.

शेवटी एक अधिकारी बाई आल्या. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. मुंगी तेव्हा दुसरीत गेली होती. प्लास्टर निघालं होतं, पण कोपर सरळ होत नव्हतं. हात नेहमी काहीतरी धरल्यासारखा वाकलेला असे. ती डाव्या हातानं चित्रं काढायला शिकली होती आणि उजवा हात चित्रावर ठेवून बसे.

"तू पाटी घेत नाहीस, हे मावशींना माहीत होतं का गं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही," मुंगी म्हणाली. "ते बाईंचं आणि माझं होतं."

अकराव्या महिन्यात कागद आला. शिक्षिकेनं मदतनिसास आवश्यक माहिती न देता वर्ग सोडला. निष्काळजीपणाची नोंद सेवापुस्तकात घ्यावी. मदतनिसाचा दोष आढळत नाही. त्यांना पूर्ववत कामावर घेण्यात यावं. बाईंनी तो कागद वाचला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा वरून आलेला कागद कपाळाला लावला. मग तो घेऊन त्या मावशींकडे गेल्या. मावशी तोंडी काही मानत नसत, पण कागदावर त्यांचा विश्वास होता, हे बाईंहून अधिक कुणाला ठाऊक असणार?

मावशी तयार कपड्यांच्या एका दुकानात कामाला लागल्या होत्या. गिऱ्हाइकांनी विस्कटलेले शर्ट पुन्हा घड्या घालून फळीवर ठेवायचे. बाईंना बघून त्या हसल्या, कागद घेतला, आणि बोट ठेवून एक एक शब्द वाचायला लागल्या. बाई उभ्या राहिल्या. दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली.

"म्हणजे खरंच नव्हतं सांगितलं?" मावशींनी विचारलं.

"नव्हतं."

मावशींनी डोळे मिटले. श्वास सोडला, सही संपल्यावर सोडत तसा, पण लांब. "मला वाटलं होतं डोकं गेलं माझं. सुनेनं डॉक्टरकडेसुद्धा नेलं होतं. घरी नातवाला माझ्याजवळ एकटं ठेवत नाहीत. मीच नको म्हटलंय."

बाईंनी फळी धरली.

"मग लिहिलंत कशाला, बाई, तसं?"

"सवयीनं, मावशी."

"सवयीनं," मावशी म्हणाल्या. रागानं नाही, वस्तूची किंमत ऐकून ती परत एकदा स्वतःशी म्हणावी तसं.

"परत चला आता. कागद आहे. माझे तीन महिने राहिलेत, तेवढे तरी एकत्र काढू. टोळसुद्धा विचारतो तुमचं, दुसरीतून येऊन."

मावशींनी एक शर्ट ओढून घेतला, बाह्या मागं दुमडल्या, कॉलर सरळ केली. "नाही, बाई. कपडे बरे. घडी घातली की जागच्या जागी राहतात. आपण दुसरीकडे बघितलं तरी उठून जात नाहीत." शर्ट फळीवर ठेवून त्यांनी गठ्ठ्यावर बोट फिरवलं. ओठ हलत होते; त्या मोजत होत्या. मोजून झालं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"तिचा हात?" मोजता मोजता त्यांनी विचारलं.

"सरळ नाही होत अजून."

मावशींनी मान हलवली. मग फळीखालची पिशवी काढून तळाशी हात घातला आणि कागदाची एक पुडी बाहेर काढली. घडी मऊ पडली होती, पण खूण दिसत होती: तीन ठिपके आणि सहा बारीक पाय.

"त्याच आठवड्यात पडला होता. द्यायचा राहिला." त्यांनी पुडी बाईंच्या तळहातावर ठेवली आणि बाईंची बोटं आपल्या हातानं मिटवली. "तिच्या आईच्या हातात द्या हं. जपून न्या. एवढासा आहे, कुठंही जाईल."

बाईंनी पिशवीतून डबी काढली, चष्म्याच्या शेजारी पुडी ठेवली आणि डबी बंद केली. मग पुन्हा उघडून पाहिली. मावशींनीही वाकून पाहिली.

"आहे," मावशी म्हणाल्या.